नापोकाठी सात दिवस : काडीसारख्या नाकतोड्यांच्या शोधात

पहिला दिवस : किटो

इक्वेडोरची राजधानी किटो समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर वसलेली असल्यामुळे पहिला दिवस विरळ हवेशी जुळवून घेण्यातच जातो. आमचाही तसाच गेला. दोन जिने चढले की धाप लागत होती. त्यामुळे मी आणि माझी पुतणी, जिने नुकताच प्राणिशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास पूर्ण केला आहे, दिवसभर खोलीत बसून सामानाची उलटतपासणी करीत राहिलो. डोक्याला बांधायच्या दोन विजेऱ्या, भिंग, मोजपट्टी, कॅमेरा, पावसात न भिजणारी वही आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट एवढेच आमचे खरे सामान होते.

प्रवासाचे कारण सांगणे भाग आहे, कारण इक्वेडोरच्या जंगलात लोक बहुधा पक्षी किंवा माकडे पाहण्यासाठी जातात आणि आम्ही निघालो होतो एका नाकतोड्यासाठी. प्रोस्कॉपिइडी या कुलातील नाकतोडे दिसायला हुबेहूब वाळक्या काडीसारखे असतात. जवळजवळ सगळे बिनपंखी, अंग नळीसारखे लांबट, डोके घोड्याच्या तोंडासारखे ताणलेले. बर्लिनचे कीटकशास्त्रज्ञ योहान क्लूग यांनी १८२० मध्ये यांतील प्रोस्कोपिया ही पहिली प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, वर्णिली, आणि १८३८ मध्ये फ्रेंच अभ्यासक सेर्व्हिल यांनी या गटाला कुलाचा दर्जा दिला. आज त्यात दोनशेहून अधिक जाती मोजल्या जातात आणि त्यांचे मुख्य घर दक्षिण अमेरिका हेच आहे. ॲमेझॉनच्या वर्षावनापासून चिलीच्या कोरड्या झुडपी प्रदेशापर्यंत त्या पसरलेल्या आहेत. ईशान्य ब्राझीलमध्ये स्टिफ्रा रोबुस्टा नावाची जाती काजूच्या झाडांवर पडते. तेथील शेतकरी तिला ‘माने माग्रो’, म्हणजे हडकुळा माने, असे म्हणतात. या कुलाला मिळालेल्या सगळ्या नावांमध्ये मला हेच सर्वांत चपखल वाटते.

दुसरा दिवस : किटो ते तेना

किटोच्या दक्षिण टोकाच्या बसस्थानकावरून सकाळी तेनाची बस पकडली. इक्वेडोरने २००० साली स्वतःचे चलन सोडून अमेरिकी डॉलर स्वीकारला असल्यामुळे हिशेब सोपा होता, परंतु मोठी नोट कोणीच घेत नाही. सुट्या पैशांसाठी मला स्थानकावर दोनदा रांग लावावी लागली. बस प्रथम पापायाक्ताच्या खिंडीपर्यंत, म्हणजे चार हजार मीटरपेक्षाही वर चढते. तेथे बोचरे धुके आणि पिवळसर गवत यांखेरीज काही दिसले नाही. पुढे मात्र रस्ता असा काही खाली कोसळतो की तासाभरातच स्वेटर काढावा लागतो, आणि बाएसा मागे पडल्यावर दोन्ही बाजूंची झाडी इतकी दाट होते की खिडकीच्या काचेवर ओल्या फांद्या घासत जातात. सुमारे पाच तासांत आम्ही साडेतीन हजार मीटर उतरलो होतो. तेना हे नापो प्रांताचे मुख्य ठिकाण आहे. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही, कारण पोहोचताच आम्ही झोपलो.

तिसरा दिवस : मिसावायी आणि पहिली रात्र

मिसावायी हे नापो नदीवरचे छोटे गाव त्याच्या चौकातल्या कापुचिन माकडांसाठी ओळखले जाते. ती प्रवाशांच्या हातातल्या वस्तू पळवतात. आमचे काही गेले नाही, कारण आम्ही चौकात थांबलोच नाही. धक्क्यावरून लांबट, मोटर लावलेल्या होडीतून नदीच्या प्रवाहाबरोबर निघालो. याच नदीच्या वाटेने स्पॅनिश शोधप्रवासी फ्रान्सिस्को दे ओरेयाना १५४२ मध्ये ॲमेझॉनपर्यंत पोहोचला होता. आम्हाला मात्र जेमतेम दीड तास जायचे होते. जंगलाच्या कडेला असलेल्या एका साध्या निवासात उतरलो. आमचा वाटाड्या, तेथील किचवा या आदिवासी समाजातला, तेथे आधीच वाट पाहत होता.

त्याला आम्ही मोबाइलवर छायाचित्र दाखवले तेव्हा तो लगेच म्हणाला, “सालतामोन्तेस पालो.” म्हणजे काडीचा नाकतोडा. “आहेत. पण तुम्हाला ते दिसायला हवेत.” पुढे त्याने एकच ताकीद दिली. रात्री कोणत्याही खोडाला हात लावून तोल सावरायचा नाही. तेथील लोक ज्यांना ‘कोंगा’ म्हणतात त्या मोठ्या काळ्या मुंग्या खोडांवर फिरतात, आणि त्यांचा दंश दिवसभर ठणकतो.

विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार काळ रेंगाळत नाही. साडेसहाला काळोख पडला आणि आम्ही वाटेला लागलो. पहिल्या शंभर पावलांतच एक काडी हलली. पुतणीने विजेरी रोखली. तो काडीकीटक होता. मग दुसरा, तिसरा, चौथा. एक हिरवा, एक शेवाळ्याच्या रंगाचा, एक काटेरी, आणि एक इतका बारीक की त्याची सावलीच आधी दिसली. काडीकीटक हे फॅस्माटोडिया या वेगळ्याच गणातले. नाकतोड्यांशी त्यांचे नाते दूरचे आहे, आणि काडीचे रूप दोघांनीही आपापल्या वाटेने, स्वतंत्रपणे मिळवले आहे. दोघांचे खाणे पाने, दोघांचे शत्रू पक्षी, सरडे आणि माकडे, दोघांचे लपणे झुडपांत. नजर चुकवण्याचा प्रश्न एकच असल्यामुळे उत्तरही जवळजवळ एकच निघाले. हे सगळे मला पुस्तकी पातळीवर पाठ होते. तरीही त्या रात्री साडेतीन तासांत मी जे तीसेक फोटो काढले, त्यांतील प्रत्येक काडीपुढे मी मनातल्या मनात ‘काडीकीटक’ असे लिहून पुढे सरकत गेलो. परतताना स्वयंपाकघराच्या मागच्या पायवाटेवर, मिरीच्या कुळातल्या एका रुंद पानांच्या झुडपावर, आणखी एक तपकिरी काडी दिसली. पाय दुखत होते. मी उभ्याउभ्या दोन फोटो घेतले आणि मिशा तुटलेले काडीकीटकाचे पिल्लू असावे असे ठरवून झोपायला गेलो.

चौथा दिवस : पाऊस

पहाटे पाऊस सुरू झाला तो थांबलाच नाही. येथील लोक पहाटे वायुसाच्या पानांचा उकळलेला काढा पितात. तो चहापेक्षा सौम्य असला तरी झोप पार उडवतो. असे दोन वाडगे पिऊन आम्ही ओसरीवर बसलो आणि आदल्या रात्रीचे फोटो संगणकावर लावले. पुतणी एकेक फोटो मोठा करून पाहत होती, मी वहीत नोंदी करीत होतो. सत्तावीस-अठ्ठावीस फोटो झाल्यावर ती थांबली.

“काका, हा काडीकीटक नाही.”

“मिशा तुटल्या आहेत त्याच्या,” मी म्हणालो.

“दोन्ही? आणि दोन्ही सारख्याच?”

मग तिने मला त्या फोटोत जे दाखवले, ते या सबंध प्रवासातले सर्वांत उपयोगी ज्ञान ठरले. काडीकीटकाच्या मिशा बहुधा लांब, धाग्यासारख्या असतात. फोटोतल्या किड्याच्या मिशा, म्हणजे स्पर्शिका, डोक्यापेक्षाही आखूड होत्या, आणि त्यांचे टोक मोडलेले नव्हते तर नीट निमुळते होत गेलेले होते. परंतु त्याहून खात्रीची खूण पायांची. काडीकीटकाच्या वक्षाचा पहिला भाग आखूड असतो आणि दुसरा लांब, त्यामुळे त्याचे पुढचे पाय डोक्याला लागूनच निघतात. तो स्तब्ध होतो तेव्हा ते पाय पुढे सरळ ताणून धरतो, आणि डोके मध्ये सामावून जावे म्हणून त्या पायांच्या मांड्यांना बुडाशी एक बाक असतो. प्रोस्कॉपिइडीमध्ये नेमके उलटे आहे. वक्षाचा पहिलाच भाग नळीसारखा लांबलेला असतो, म्हणून पुढचे पाय डोक्यापासून बरेच मागे निघतात, आणि त्यांच्या पुढे मान म्हणावी असा एक मोकळा दांडा उरतो. मधली आणि मागची पायांची जोडी मात्र एकमेकींच्या जवळजवळ असते. फोटोत ती रिकामी मान स्पष्ट दिसत होती. मागच्या पायांच्या मांड्याही बुडाशी किंचित फुगलेल्या होत्या.

ज्या प्राण्यासाठी आम्ही अर्धी पृथ्वी ओलांडून आलो, त्याला मी रात्री दोन फुटांवरून पाहून झोपायला गेलो होतो. पुतणी हसली नाही, याचे मला आजही कौतुक वाटते.

मी लगेच छत्री घेऊन निघालो होतो, तिने अडवले. मुसळधार पावसात असा किडा पानाच्या पालथ्या बाजूला किंवा झुडपाच्या बुडाशी जाऊन बसणार, आणि आम्ही शोधण्याच्या नादात नेमकी तीच फांदी हलवणार. शिवाय घाई करण्याचे कारणही नव्हते. ज्याला पंख नाहीत तो एका रात्रीत कितीसा लांब जाईल? उडता न येणे हा या कुलाचा मोठा गुणधर्म आहे. अशा प्राण्यांची वस्ती एखाद्या नदीने किंवा डोंगराच्या सोंडेने सहज तुटते आणि तुटलेले गट हळूहळू वेगळे होत जातात. त्यामुळे जाती एकमेकींपासून ओळखणेही कठीण जाते. उरुग्वेच्या अभ्यासक अल्बा बेंतोस-परेरा यांनी या कुलाच्या वर्गीकरणावर दीर्घकाळ काम केले आहे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या करण्यासाठी बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियांची रचना तपासावी लागते. तसे करण्यासाठी नमुना गोळा करावा लागला असता, आणि इक्वेडोरमध्ये त्यासाठी सरकारी परवाना लागतो. तो आमच्याकडे नव्हता. तेव्हा जातीच्या नावाचा नाद सोडून द्यायचा, पाहायचे तेवढे पाहायचे आणि किडा होता तेथेच ठेवायचा, असे आम्ही निघण्यापूर्वीच ठरवले होते.

पाचवा दिवस : भेट

सकाळी आठ वाजता पाऊस थांबला. त्या झुडपाशी मी आणि पुतणी विरुद्ध बाजूंनी उभे राहिलो आणि वाटाड्या मागे थांबला. पंचवीस मिनिटे काहीच सापडले नाही. आम्ही काडी शोधत होतो, आणि तेथे काड्या हजार होत्या. शेवटी वाटाड्यानेच सांगितले, “काडी शोधू नका, खाल्लेले पान शोधा.” शेजारच्या झुडपाच्या एका पानाची कड अर्धगोल कातरलेली होती, आणि कातरलेल्या कडेवर अजून ओलसर हिरवा रस होता. त्या पानाच्या देठावरून नजर खाली आणली तेव्हा खोडाला समांतर चिकटलेली ती मादी दिसली. पहिल्या रात्रीच्या जागेपासून ती फार तर दीड मीटर सरकली होती.

मोजपट्टी शेजारी धरून पाहिले तेव्हा ती अकरा सेंटीमीटर भरली. रंग वाळक्या फांदीचा, पण एकसारखा नाही. पाठीवर फिकट ठिपके, कडेने एक अस्पष्ट गडद रेघ आणि वक्षाच्या नळीवर बारीक खरखर, जणू साल उचकटल्याची. भिंगातून चेहरा पाहिला तेव्हा प्रथम हसू आले आणि मग मी बराच वेळ हललो नाही. डोके एखाद्या उंच शंकूसारखे, वर निमुळते होत टोकाला गेलेले. डोळे त्या टोकाच्या जरासे खाली, दोन्ही बाजूंना फुगीर आणि त्यांवर आडव्या पुसट पट्ट्या. डोळ्यांपुढे त्या नगण्य स्पर्शिका, ज्यांचे खंड हाताच्या बोटांवर मोजता येतील. आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत नुसता चेहराच चेहरा. तोंड इतक्या खाली की डोळ्यांना ते कधी दिसत असेल असे वाटत नाही. तोंडाजवळचे स्पर्शक मात्र सतत हलत होते, आणि त्या सबंध निश्चल काडीत जिवंतपणाची तेवढीच एक खूण होती.

पुतणीने मला पाऊल मोजायला सांगितले. काडीकीटकांच्या पावलाला बहुधा पाच खंड असतात, आखूड मिशांच्या नाकतोड्यांच्या पावलाला तीन. ओल्या देठावर टेकलेले मागचे पाऊल भिंगाखाली घेतले. एक, दोन, तीन, आणि पुढे नख्या. वेष कितीही बदलला तरी पावलाने घराणे सांगितले.

आणखी एक गोष्ट आम्ही पाहिली, खरे तर ती नसल्याचे पाहिले. सामान्य टोळाच्या उदराच्या पहिल्या खंडावर, दोन्ही बाजूंना, कानाचा पडदा असतो. हिच्या अंगावर तेथे काहीच नव्हते. या कुलाला असे कान नसतात, आणि पंखच नसल्यामुळे पंख घासून आवाज काढण्याचाही प्रश्न येत नाही. त्या रात्री जंगलात रातकिडे, बेडूक आणि लांब मिशांचे नाकतोडे यांचा असा काही कल्लोळ चालला होता की एकमेकांशी बोलताना आम्हाला आवाज चढवावा लागला. आमची मादी त्या सगळ्याच्या मध्यभागी, मुकी आणि बहुधा बहिरीच, पानाची कड खात होती. खाण्याची पद्धत मात्र अस्सल नाकतोड्याची. पानाची कड दोन जबड्यांमध्ये धरून ती डोके वरून खाली आणी, मग पुन्हा वर नेऊन दुसरी फेरी सुरू करी. चालताना ती एकेक पाऊल टाकण्याआधी अंग पुढे-मागे झुलवी, वाऱ्याने डहाळी हलावी तसे. वारा मुळीच नव्हता, त्यामुळे हा अभिनय थोडा उघडा पडत होता.

सहावा दिवस : उडी

सकाळी मादीच्या पाठीवर एक नर बसलेला आढळला. तो जेमतेम सात सेंटीमीटरचा आणि इतका सडपातळ होता की दूरून मादीला एक बारीक फांदी फुटल्यासारखी वाटत होती. नर आणि मादी यांच्यातला हा फरक या कुलात सर्वत्र दिसतो. दुपारपर्यंत त्याने जागा सोडली नाही. मग कशामुळे कोण जाणे, तो उतरला आणि वेगळ्या डहाळीवर जाऊन स्थिर झाला.

उडी पाहिल्याशिवाय परत जायचे नाही असे पुतणीने ठरवले होते. काडीकीटक उडी मारत नाहीत असे ढोबळमानाने म्हणता येईल, पण हे नाकतोडे मारतात, आणि त्यांच्या सडसडीत मागच्या पायांकडे पाहून ते पटत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच कुलातल्या प्रोसार्थ्रिया प्रजातीच्या उड्या अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपल्या होत्या. केवळ ६७ मिलिमीटर लांबीचा आणि ०.२८ ग्रॅम वजनाचा नर आडव्या दिशेने तब्बल ९० सेंटीमीटर जात होता. यामागची युक्ती टोळाचीच आहे. आधी नडगी मांडीशी पूर्ण दुमडायची, मग पाय सरळ करणारा आणि दुमडणारा असे दोन्ही स्नायू एकाच वेळी आखडायचे. पाय हलत नाही, ताण मात्र साठत जातो. मग दुमडणारा स्नायू सैल पडला की साठलेला सगळा ताण एका क्षणात मोकळा होतो. नुसत्या स्नायूच्या जोरावर इतका वेग येत नाही.

आम्ही नराला अलगद पानासकट उचलून ओसरीच्या लाकडी फळ्यांवर आणले. झुडपावरून मारलेली उडी मोजली तर पडण्याचे अंतरही त्यात मिळते, म्हणून सपाट जमीनच हवी असे पुतणीचे म्हणणे होते. पहिली दहा मिनिटे तो काडी होता. वाटाड्याने बोट मागून जवळ नेले, तरीही काडी. दुसऱ्यांदा बोट नेले तेव्हा मागच्या मांड्या किंचित वर उचलल्यासारख्या वाटल्या, आणि पुढच्या क्षणी फळीवर काहीच नव्हते. मी कॅमेऱ्याचा खटका दाबला होता. फोटोत रिकामी फळी आणि वाटाड्याचे बोट आले आहे. नर चार फळ्या ओलांडून पाचवीवर कुशीवर पडला होता, पाय वेडेवाकडे. त्याने ते एकेक करून गोळा केले, अंग सरळ केले आणि पुन्हा काडी झाला, जणू तो तेथे सकाळपासूनच पडून होता. मोजपट्टीने ५८ सेंटीमीटर भरले. दुसरी उडी ६३. तिसऱ्यांदा त्याला त्रास देणे आम्हाला बरे वाटले नाही. त्याला त्याच्या डहाळीवर नेऊन ठेवले.

त्या फसलेल्या फोटोनंतर मी कॅमेरा बाजूला ठेवला आणि नुसते पाहिले. त्यामुळे दुसऱ्या उडीचा एकही पुरावा नाही, पण पाय सुटताना आलेला बारीकसा ‘टक्’ आवाज मला ऐकू आला. पुतणी म्हणते तो फळीचा होता.

सातवा दिवस : निघताना

होडी नऊला सुटणार होती. सहा वाजता, सवयीने, मी एकदा स्वयंपाकघरामागच्या वाटेवर गेलो. झुडपावर कोणीच नव्हते. नर नाही, मादी नाही, कातरलेली पाने तेवढी होती. परत वळताना माझ्याच बुटाच्या आदल्या दिवशीच्या ठशाशेजारी ती दिसली. पावसाने भुसभुशीत झालेल्या मातीत तिने उदराचे टोक रोवले होते, मागचा जवळजवळ अर्धा भाग दिसेनासा झाला होता, आणि उरलेली काडी तिरकी उभी होती, कोणीतरी खोचून ठेवल्यासारखी. बहुतेक काडीकीटक अंडी एकेक करून बसल्या जागेवरून खाली सोडून देतात. ही मात्र उदराच्या टोकावरच्या आखूड, टणक पाकळ्यांनी माती बाजूला सारत, इतर नाकतोड्यांप्रमाणे, आत पुंजका घालत होती.

पुतणीला उठवून आणेपर्यंत ती तशीच होती. आम्ही चार पावलांवर चिखलात बसलो. पाऊण तासाने तिने उदर बाहेर काढले, ते थोडे आखूड दिसत होते आणि त्यावर माती चिकटली होती. मागच्या पायांनी तिने त्या जागेवर दोन-तीनदा खरवडल्यासारखे केले आणि झुलत झुलत झुडपाकडे निघाली. वाटाड्याने येऊन काय चालले आहे ते पाहिले, आत जाऊन केळीचे दोन सोपट आणले, आणि त्या हातभर जागेवरून कोणी बूट घेऊन जाऊ नये म्हणून ते वाटेत आडवे टाकले. होडी साडेनऊला सुटली.